सभासदांचे दप्तर आणि आपोआप निघणाऱ्या लिंका

शेतकऱ्याच्या घरी कागदांचे गाठोडे असावयाचेच. खरेदीखत, वाटणीपत्र, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, पाणीपट्टीचे दाखले असे सर्व एका रुमालात बांधून ते पेटीत किंवा माळ्यावर ठेवीत, आणि घरातील कर्त्या मनुष्याखेरीज त्या रुमालाची गाठ सहसा कोणी सोडीत नसे. गेल्या दहा-बारा वर्षांत हे गाठोडे घरातून उठून संस्थेच्या कचेरीत, आणि कचेरीतून आणखी फार दूर गेले आहे. पीककर्जाचे नूतनीकरण असो, पीकविमा असो, ठिबक संचाचे अनुदान असो किंवा निर्यातीकरिता द्राक्षबागेची नोंदणी असो. सभासद आपल्या कागदांचे फोटो मोबाइलवर काढून कचेरीस पाठवितो, आणि कचेरी ते गूगल ड्राईव्ह, वनड्राईव्ह, ड्रॉपबॉक्स ह्यांपैकी कोठे तरी ठेवून देते.

अशा ठेवण्याच्या जागेस ‘क्लाऊड’ म्हणजे ढग असे नाव पडले आहे. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांस ते ऐकून प्रथम हसूच येते. वास्तविक तो ढग नव्हे. दूरच्या पक्क्या इमारतींत रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांची ती एक भली मोठी वखार आहे. वखारीत सोयाबीन ठेवताना किल्ली कोणापाशी, पावती कोणाच्या नावाने, आणि माल कोणास दाखविला जाईल हे तीन प्रश्न अगदी साधा शेतकरीही विचारतो. कागद ठेवताना मात्र ते कोणी विचारीत नाही. ही उणीव अलीकडे अधिक जाचक होऊ लागली आहे, कारण किल्ल्या वाटण्याचे काम आता मनुष्याकडून काढून यंत्राकडे दिले जात आहे. ह्याच गोष्टीचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

वखारीतला कागद बँकेस किंवा निर्यातदारास दाखवावयाचा झाल्यास त्याचा एक पत्ता काढून द्यावा लागतो. ह्या पत्त्यास दुवा असा शुद्ध शब्द आहे; पण आपण सर्वजण लिंक म्हणतो, म्हणून आम्हीही येथे तसेच म्हणू. एकदोन लिंका हाताने काढणे कठीण नाही. परंतु समजा, संस्थेचे ४०० सभासद आहेत आणि हंगामाच्या तोंडावर प्रत्येकाचे तीन कागद पाठवावयाचे आहेत. कागद शोधावा, त्याची परवानगी बदलावी, लिंक उचलावी व ती यादीत त्या सभासदाच्या नावापुढे चिकटवावी, ह्या सर्वांस दर कागदामागे एकच मिनिट धरले तरी १,२०० मिनिटे, म्हणजे पुरे २० तास होतात. शिवाय विसाव्या तासाला कारकुनाचे डोळे ताठरलेले असतात, आणि गणपतरावांची लिंक गोविंदरावांच्या नावापुढे जाऊन बसते.

ह्यावर तरुण मंडळींनी उपाय काढला आहे. सभासदाने गूगलचा फॉर्म भरून कागद जोडला की त्याची एक ओळ शीटमध्ये आपोआप पडते. शीटच्या मागे लिहून ठेवलेली दहा-वीस ओळींची स्क्रिप्ट तो कागद उचलते, त्याची लिंक काढते, शेजारच्या रकान्यात लिहिते आणि हवी तर ज्याला पाठवावयाची त्याला ईमेलने पाठवूनही देते. ज्यांस स्क्रिप्ट लिहिता येत नाही त्यांच्याकरिता झॅपियर, मायक्रोसॉफ्टचे पॉवर ऑटोमेट अशी तयार साधने आहेत. त्यांतही हेच काम चौकटी जोडून करता येते. वीस तासांचे काम चहा होईपर्यंत उरकते. (गूगलच्या साध्या खात्यातील स्क्रिप्टला एका खेपेस सहाच मिनिटे मिळतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. यादी मोठी असली की ती मध्येच थांबते, आणि खालच्या सभासदांचे रकाने कोरे राहिल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. कामाचे तुकडे पाडून ते करून घ्यावे लागते.)

अशा साधनास आमचा विरोध नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. ज्या संस्थेने ते बसविले तिने कारकुनाचा वेळ वाचविला व चुका कमी केल्या; त्या तरुणांचे कौतुकच करावयास हवे. आमचा आक्षेप यंत्राला नसून त्याला दिलेल्या एका आज्ञेला आहे. लिंक काढताना ती कोणाकरिता उघडी करावयाची हे स्क्रिप्टच्या एकाच ओळीत लिहिलेले असते. ती एक ओळ चारशे सभासदांच्या बाराशे कागदांस लागू होते. आणि आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक स्क्रिप्टांत त्या ओळीचा अर्थ एकच असतो: ज्याच्या हाती ही लिंक पडेल त्या कोणासही कागद दाखवावा.

जुन्या पेढ्यांच्या व्यवहारात नामजोग हुंडी असे. जिच्यावर ज्याचे नाव, पैसे त्यासच किंवा त्याने सांगितलेल्या मनुष्यास. ह्याउलट जो घेऊन येईल त्यास रक्कम द्यावी अशीही हुंडी लिहीत, आणि ती वाटेत हरवली तर काय होईल हे लिहिणाराही जाणून असे. आजच्या चेकांतही ‘अकाउंट पेयी’ आणि ‘बेअरर’ हा भेद आहे, आणि ऊसबिलाचा बेअरर चेक कोणा अनोळखी पोराच्या हाती कोणीही शहाणा शेतकरी देणार नाही. लिंकांचेही नेमके हेच दोन प्रकार आहेत. एका प्रकारात कागद पाहू शकणाऱ्यांचे ईमेल पत्ते नोंदलेले असतात. लिंक इतरांस मिळाली तरी त्यांना दार उघडत नाही. दुसऱ्या प्रकारात दार लिंकेलाच ओळखते, माणसाला ओळखत नाही. पहिलीला आम्ही नामजोग लिंक म्हणतो. आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच की, सभासदांच्या खासगी कागदांकरिता यंत्राने नामजोग लिंकाच काढाव्यात, आणि ती ओळ कोणती असावी हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने न ठरविता संस्थेच्या संचालक मंडळाने ठरवावे.

मग उघड्या लिंकांचा प्रघात पडला कसा? त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. उघडी लिंक दिली की कोणाची तक्रार येत नाही, एवढेच त्याचे कारण. नामजोग लिंक दिली की बँकेतून फोन येतो, “तुमची फाईल परवानगी मागते आहे”. मग कारकून पत्ता विचारतो, तो चुकीचा सांगितला जातो, पुन्हा फोन येतो. दोनचार वेळा असे झाले की कंटाळून ती एक ओळ बदलली जाते आणि सर्वत्र शांतता होते. ही शांतता सभासदांच्या जोखमीवर विकत घेतलेली असते, व त्यांस त्याचा पत्ताही नसतो.

कोणी म्हणतील, सातबारा तर आज महाभूलेखावर कोणीही पाहू शकतो. त्यात लपविण्यासारखे ते काय? हा मुद्दा खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. एकटा सातबारा, एकटा मोबाइल क्रमांक किंवा एकटे पासबुकाचे पहिले पान ह्यांपैकी कशानेही फारसे बिघडत नाही. भय आहे ते गठ्ठ्याचे. सातबारा, आधार, पासबुक, सही, छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक ही सर्व एकाच फोल्डरात एकाच लिंकेमागे आयती सापडली की, फोनवरून “बँकेतून बोलतो” म्हणणाऱ्या भामट्याला गट क्रमांकापासून कर्जाच्या रकमेपर्यंत सर्व काही सांगता येते. आणि इतके अचूक सांगणारा मनुष्य बँकेचाच असणार असे वाटून शेतकरी ओटीपी सांगून मोकळा होतो. घरच्या रुमालात हेच सर्व कागद एकत्र होते, हे खरे. पण तो रुमाल गावभर फिरत नव्हता.

लिंक इतकी लांब आणि विचित्र अक्षरांची असते की ती कोणास ओळखू येणार नाही, असाही एक भरवसा दिला जातो. अंदाजाने ती शोधता येत नाही, हे गूगल ड्राईव्हच्या पूर्ण लांबीच्या लिंकेपुरते मान्य करू. परंतु लिंक शोधावी लागतच नाही. ती पुढे पाठविली जाते. शिवाय ती अनपेक्षित वाटांनीही निसटते. मे २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्स कंपनीस कित्येक जुन्या लिंका एकाएकी बंद कराव्या लागल्या. सामायिक केलेल्या कागदात दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असला व वाचणाऱ्याने त्यावर बोट ठेवले, तर मूळ कागदाची लिंक त्या संकेतस्थळाच्या नोंदीत जाऊन पडत असे. त्याच सुमारास इंट्रालिंक्स ह्या कंपनीने दाखवून दिले की, लोक अशा लिंका पत्त्याच्या जागी न घालता शोधयंत्राच्या चौकटीत घालतात, आणि त्या जाहिरातदारांच्या हाती लागतात. अशा रीतीने हाती आलेल्या कागदांत प्राप्तिकराची विवरणे व घरकर्जाचे अर्जसुद्धा होते. ज्यांनी ते ठेवले होते त्यांनी कोणताही निष्काळजीपणा जाणूनबुजून केला नव्हता.

लिंक आखूड करून पाठविण्याची चाल तर आमच्या मते सर्वांत घातक. तिचे मूळ आपल्या लिपीत आहे, ही गंमत वाचकांस सांगण्यासारखी आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत मजकूर लिहिला की एका एसएमएसमध्ये ७०च मावतात. सभासदाचे नाव, कामाचा उल्लेख व गूगलची लांबलचक लिंक एवढे सत्तरात बसत नाही, म्हणून यंत्रात आणखी एक पायरी घालून लिंक आखूड केली जाते. २०१६ साली न्यूयॉर्कच्या कॉर्नेल टेकमधील विटाली श्माटिकॉव्ह आणि मार्टिन जॉर्जिएव्ह ह्या संशोधकांनी अशा आखूड लिंकांची परीक्षा केली. शेवटी सहाच अक्षरे असली तर सर्व जुळण्या सुमारे ५,६८० कोटी होतात. माणसाला हा आकडा अफाट वाटेल, यंत्राला तसा वाटत नाही. केवळ अक्षरे जुळवीत जाऊन त्यांस वनड्राईव्हवरील अनोळखी लोकांचे फोल्डर सापडले, आणि त्यांपैकी सुमारे ७ टक्के असे होते की त्यांत कोणालाही नवी फाईल टाकता किंवा असलेली बदलता आली असती. मायक्रोसॉफ्टने वनड्राईव्हमधील लिंक आखूड करण्याची सोय त्याच वर्षी काढून घेतली. आपल्याकडे मात्र ती पायरी अजून अनेक स्क्रिप्टांत कायम आहे.

कोणालाही बदल करता येईल अशी परवानगी कागदास असणे ही तर आणखी वेगळीच आपत्ती आहे. पाहण्याची आणि बदलण्याची परवानगी निराळी असते. दूधसंकलनाची किंवा भागभांडवलाची शीट बदलण्याच्या परवानगीने गटावर टाकणे म्हणजे खतावणी चावडीवर उघडी टाकून शेजारी टाक-दौत ठेवण्यासारखे आहे. शीटला मागील आवृत्त्यांचा इतिहास असतो, त्यामुळे बिघाड सुधारता येतो हे खरे, पण बिघाड झाला आहे हे आधी कोणाला तरी कळावयास हवे.

फोल्डरांविषयी संस्थाचालकांची समजूत बहुधा चुकीची असते. एक फाईल उघडी केली तर एकच उघडी होते; फोल्डर उघडा केला तर आज त्यात असलेले आणि उद्या त्यात पडणारे सर्व कागद उघडे होतात. मळ्याचे फाटक उघडे ठेवून आतल्या एकेका पिकाची राखण करता येत नाही, तशातलाच हा प्रकार. फॉर्ममधून येणारे कागद एका ठराविक फोल्डरातच साठतात. तेव्हा कोणी एकदा घाईने तो फोल्डर उघडा केला असेल, तर पुढील वर्षी नवा सभासद आपले आधार जोडील त्याच क्षणी तेही उघडे पडेल, आणि त्याकरिता कोणाला बोटसुद्धा हलवावे लागणार नाही.

ह्याहून साधी चूक गेल्या हंगामात आमच्या पाहण्यात आली. एका संस्थेने (नाव देण्याचे प्रयोजन नाही) सभासदांस आपापले कागद पोहोचल्याची खात्री करता यावी म्हणून सबंध शीटच व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली. हेतू चांगला होता. परंतु त्या शीटच्या शेवटच्या रकान्यात यंत्राने काढलेल्या सर्व लिंका होत्या, आणि त्या सर्व उघड्या होत्या. म्हणजे एकेक किल्ली जपून काढली, आणि शेवटी सबंध जुडगाच पारावर टांगला. दुसऱ्या दिवशी एका सभासदाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते दाखवून दिल्यावर शीट काढून घेण्यात आली. तिचे कोणी आभार मानल्याचे आमच्या कानी नाही.

आता नामजोग लिंकेच्या अडचणी. त्या आहेत, आणि त्या झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नामजोग लिंकेला समोरच्याचा ईमेल पत्ता लागतो. शेतकऱ्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचे खाते बहुधा असतेच. पण ते दुकानदाराने किंवा मुलाने काढून दिलेले असते आणि पत्ता काय हे खुद्द धन्यालाच ठाऊक नसते. तसेच ज्याचा पत्ता गूगलचा नाही, त्यास त्या पत्त्यावर गूगलचे खाते काढावे लागते, किंवा संस्थेचे खाते सशुल्क असेल तर ईमेलने आलेला सांकेतिक अंक घालून ओळख पटवावी लागते. बँकेच्या शाखाधिकाऱ्यास ह्याचा कंटाळा येतो.

परंतु जरा खोलात शिरून पाहिले तर असे दिसते की, सभासदाचे कागद ज्यांस दाखवावयाचे ते लोक फार थोडे आहेत. एक बँकेची शाखा, एक विमा कंपनी, एक निर्यातदार, एखादे सरकारी कार्यालय. चारशे सभासदांचे बाराशे कागद असले तरी ते पाहणारे दहा-बारा पत्ते आहेत. दहा-बारा पत्ते एकदा नीट विचारून शीटच्या एका पानावर लिहून ठेवले की, प्रत्येक कागद त्यांपैकी नेमक्या कोणत्या पत्त्याला उघडावयाचा हे यंत्र स्वतःच करील. ह्याच कामात यंत्राची खरी उपयुक्तता आहे. बाराशे वेळा अचूक पत्ता घालण्याचे काम माणसाकडून होणार नाही, यंत्राकडून होईल. उघड्या लिंका तर हातानेही काढता येत होत्या. तेव्हा नामजोग लिंका कटकटीच्या म्हणून यंत्राने उघड्या काढाव्यात, हा युक्तिवाद आम्हांस उलटा वाटतो.

सभासदाला स्वतःचाच कागद परत पाठविण्याची तर बहुतेक वेळा गरजच नसते. तो त्याच्या फोनमध्ये आहेच. पोच म्हणून “आपले तीन कागद मिळाले” एवढा संदेश पुरे. सातबाऱ्याची फाईल बँकेस पाठविण्याचेही फारसे कारण उरलेले नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, आणि त्यावरील पडताळणी क्रमांक घालून तो खरा की खोटा हे बँकेस आपल्या टेबलावर पाहता येते. आधारच्या बाबतीत शेवटचे चार अंक तेवढे दाखविणारे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते. जेथे ते चालते तेथे संस्थेने तेच मागावे. जो कागद मागितलाच नाही त्याची लिंक निसटण्याचा संभव नाही.

उलटपक्षी काही कागद उघडेच असावेत. वार्षिक अहवाल, सभेची सूचना, फवारणीचे वेळापत्रक, बाजारभावाचा तक्ता, माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा ह्याचे पत्रक. ह्यांच्या लिंका पाहण्यापुरत्या सर्वांस उघड्या ठेवाव्यात आणि खुशाल गावोगाव फिरू द्याव्यात. त्यांवरही नावे घालून बसणे हा निव्वळ सोवळेपणा होय.

खाते कोणाचे, हा प्रश्न वरील सर्वांच्या मुळाशी आहे. पुष्कळ संस्थांत फॉर्म, शीट आणि स्क्रिप्ट ही कोणा उत्साही तरुणाच्या स्वतःच्या जीमेल खात्यात असतात, कारण त्यानेच ती फुकट करून दिलेली असतात. फॉर्ममधून येणारे कागद फॉर्म ज्याचा त्याच्या ड्राईव्हमध्ये साठतात, त्याच्या १५ जीबीच्या फुकट जागेतून खर्ची पडतात. आणि आपोआप चालणारी स्क्रिप्ट जो ती सुरू करतो त्याच्याच अधिकाराने चालते. उद्या तो पुण्यास नोकरीला गेला म्हणजे संस्थेचे दप्तर त्याच्याबरोबर पुण्यास गेले. त्याने ते खाते वापरणे सोडले तर आणखी निराळी गत होते. दोन वर्षे पडून राहिलेले व्यक्तिगत खाते आतील सर्व कागदांसह काढून टाकता येईल, असा नियम गूगलने २०२३ साली जाहीर केला व त्या वर्षीच्या डिसेंबरपासून तो अमलात आणला. संस्थेने आपले स्वतःचे खाते काढावे, आणि ऐपत असल्यास सशुल्क घ्यावे. त्याच्या काही योजनांत सामाईक ड्राईव्ह मिळतो, ज्यातील कागद कोणा व्यक्तीचे नसून संस्थेचे असतात. शिवाय संस्थेबाहेर उघडी लिंक निघूच नये असा बंदोबस्त व्यवस्थापकास एकाच जागी करता येतो. गोदामाच्या कुलपावर आपण दरवर्षी खर्च करतो, तेव्हा हा खर्च वायफळ ठरू नये.

कायद्याचा धाक दाखविणे आम्हांस फारसे रुचत नाही, तरी त्याचा उल्लेख आवश्यक आहे. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास आधार कायद्यातच मनाई आहे. व्यक्तिगत अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांस त्यापासून अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. माहिती ज्या कामाकरिता घेतली त्याच कामास वापरावी, तिचे वाजवी रक्षण करावे आणि काम संपले की ती काढून टाकावी, हा त्याचा गाभा. रक्षणात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तेवढा दंड एखाद्या गावच्या संस्थेस कोणी करील असे आम्हांस वाटत नाही; पण स्क्रिप्ट दुसऱ्याने लिहिली होती, ही सबब मात्र संचालकांच्या उपयोगी पडणार नाही.

काम संपल्यावर लिंक बंद करणे, ही गोष्ट कायदा नसता तरी करावयास हवी होती. येथे पुन्हा यंत्रच उपयोगी पडते. लिंकेशेजारी ‘कधीपर्यंत’ असा एक रकाना घालावा, आणि त्याच स्क्रिप्टला आणखी एक आज्ञा द्यावी की, रोज रात्री यादी पाहून ज्यांची तारीख उलटली त्यांची परवानगी काढून घ्यावी. पाच-दहा ओळींचे काम आहे. वनड्राईव्ह व ड्रॉपबॉक्सच्या सशुल्क योजनांत लिंकेला मुदत व परवलीचा शब्द घालण्याची तयार सोय आहे. जी बँक नामजोग लिंक घेण्यास अगदीच राजी नसेल तिला आठ दिवसांच्या मुदतीची उघडी लिंक द्यावी लागली, तर ती तडजोड आम्ही समजू शकतो. मात्र ती त्या एका कागदापुरती असावी, फोल्डरची नसावी, आणि आखूड केलेली तर मुळीच नसावी.

आपल्या संस्थेच्या लिंका कोणत्या जातीच्या आहेत हे पाहण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. संस्थेकडून आलेली जुनी लिंक घ्यावी आणि ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे जेथे आपले कोणतेच खाते उघडलेले नाही अशा जागी, ती घालून पाहावी. गूगल नाव विचारू लागले तर ठीक. कागद तसाच समोर उभा राहिला तर तो कोणासमोरही उभा राहील. गतवर्षीच्या विम्याच्या लिंका, ज्यांचे काम केव्हाच संपले, त्यांवर हा प्रयोग आधी करावा.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हावयाच्या असतात. त्या सभेपुढे सभासदांनी पुढील आशयाचा ठराव ठेवावा, अशी आमची सूचना आहे: “संस्थेकडे आलेले सभासदांचे कागद संस्थेच्या नावाच्या खात्यातच ठेवावेत, त्यांच्या लिंका, हाताने काढलेल्या असोत वा यंत्राने, नोंदलेल्या पत्त्यांपुरत्याच व पाहण्यापुरत्याच असाव्यात, प्रत्येक लिंकेस मुदत असावी व मुदतीनंतर ती बंद व्हावी, कोणता कागद कोणास व कधी दाखविला ह्याची नोंद सभासदास मागताच पाहावयास मिळावी.” मुदतीचे दिवस प्रत्येक संस्थेने आपल्या कामाप्रमाणे घालावेत. पीककर्जाच्या कागदांस पंधरवडा पुरतो. निर्यातीच्या द्राक्षबागेचे कागद माल जाऊन हिशेब पुरा होईपर्यंत चालू ठेवावे लागतात, तेव्हा तेथे हंगामाची अखेर हीच तारीख घालणे सोयीचे पडेल.